फुगणारी माती, फुगणारा दगड

तुमसर म्हटले की धानाचा बाजार आठवतो, नाहीतर मँगनीज. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथल्या खाणींनी तालुक्याचे नाव दूरवर नेले. तापवलेल्या मातीची गोष्टही भंडारा जिल्ह्यातलीच, पण ती कुणी सांगत नाही.

सुरुवात कवेलूंपासून करू. आव्यात ५०० अंशांच्या पुढे मातीतले रासायनिक पाणी निघून जाते आणि तिचा पुन्हा चिखल होत नाही. ९०० अंशांच्या आसपास कणांच्या कडा मऊ होऊन एकमेकांना धरतात, तेव्हा खरी मजबुती येते. खोडी असते वाळूची. तिच्यातले क्वार्ट्झ ५७३ अंशांना एकाएकी फुगते आणि निवताना तिथेच आकसते. म्हणून जाणता कुंभार आवा लगेच उघडत नाही. घाई झाली की कवेलूला केसाएवढी चीर पडते आणि पहिल्याच पावसात ती कळते. ठिसूळ वस्तूची ताकद तिच्यातल्या मोठ्या चिरेवर ठरते, हे अभियंते ग्रिफिथ यांनी काचेवरच्या प्रयोगांतून १९२१ मध्ये मांडले. कुंभारांना ते व्यवहारात आधीच ठाऊक होते, असे मला वाटते.

फुगण्याची दुसरी तऱ्हा साकोली भागातल्या खडकांत आहे. पोहरा, दहेगाव इथले कायनाईट म्हणजे पोलाद आणि काचेच्या भट्ट्यांना लागणाऱ्या अग्निविटांचा कच्चा माल. १३०० अंशांपुढे या दगडाचे म्युलाइट होते आणि तो १६ ते १८ टक्के फुगतो. कच्चाच विटेत भरला तर वीट फुटेल, म्हणून तो आधी भाजून घेतात. एकदा फुगून झाले की म्युलाइटचे सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात आणि चिरेला सरळ वाट मिळत नाही. या खनिजाला स्कॉटलंडच्या मल बेटावरून १९२४ मध्ये नाव मिळाले.

फुगण्याचे सगळ्यात नवल मात्र भंडाऱ्याबाहेरचे, झिर्कोनिया या सिरॅमिकचे. शुद्ध झिर्कोनिया भाजून थंड करताना फुगते आणि आपोआप तडकते. गार्वी, हॅनिंक आणि पास्को या संशोधकांनी १९७५ मध्ये हेच फुगणे कामाला लावले. चुन्यासारखे ऑक्साइड मिसळून आणि भट्टीतली उष्णता सांभाळून त्यातले बारीक कण फुगण्याआधीच्या अवस्थेत अडकवून ठेवता येतात. चीर जवळ आली की ते फुगतात आणि तिचे तोंड दाबतात. जास्त वेळ तापवले तर कण मोठे होतात आणि हा गुण जातो.

आज दातांवर बसवतात त्या झिर्कोनियाच्या कॅपा याच तत्त्वावर टिकतात.