माती ते पिंजरा: एमएमए फायटर व्हायला नेमकं काय लागतं?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्यातले अडखळणे तेवढे काढलेत, बाकी जसंच्या तसं.)

आज थेट विषयालाच हात घालतो, कारण आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे झालाय.

मेसेज पाठवणारा मुलगा सांगली जिल्ह्यातला. नाव सांगत नाही, कारण घरी अजून काही माहीत नाही. वय २०, बीएच्या दुसऱ्या वर्षाला, आणि नऊ वर्षं तालमीत. तो म्हणतो, "दादा, मला माती सोडून पिंजऱ्यात जायचंय. एमएमए करायचंय. जमेल का? आणि घरी काय सांगू?"

दोन प्रश्न आहेत. दुसरा जास्त अवघड आहे, तो शेवटी घेऊ.

आधी खेळ समजून घेऊ

एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स. बॉक्सिंगचे ठोसे, मुय थाईच्या लाथा, कोपर आणि गुडघे, कुस्तीची पकड आणि जिउ-जित्सूचे गळा आवळायचे, सांधा उलटा ताणायचे डाव, हे सगळं एकाच लढतीत. व्यावसायिक लढत साधारण ५ मिनिटांच्या ३ राउंडची. किताबाची असेल तर ५ राउंड. म्हणजे रील्समध्ये आपण जे बघतो ते जास्तीत जास्त १५ किंवा २५ मिनिटांचं काम.

आता यातली मेख बघा. बॉक्सरला पाय धरून कोणी पाडत नाही. पैलवानाला कोणी तोंडावर गुडघा मारत नाही. एमएमएमध्ये दोन्ही होतं. त्यामुळे चार खेळ वेगवेगळे शिकून भागत नाही, त्यांच्यामधले सांधेही शिकावे लागतात. ठोसा मारता मारता पट कसा काढायचा, पट फसला तर परत उभं कसं राहायचं, उभं राहताना मार कसा चुकवायचा. अवघड आहे ते हे.

तुझी कुस्ती तुला आत नेईल, पण...

कुस्तीवाल्यांसाठी चांगली बातमी आधी. एमएमएमध्ये कुस्तीचा पाया सोन्यासारखा समजला जातो. लढत उभ्याने होणार की जमिनीवर, हे बहुतेक वेळा चांगला पैलवान ठरवतो. खबीब नुरमागोमेडोव्ह एकही लढत न हरता निवृत्त झाला, २९-० असा हिशोब, आणि त्याचं मुख्य हत्यार पकडच होती.

पण हीच कुस्ती घातही करते. कसा, ते सांगतो.

मातीत काय शिकवतात? पाठ टेकली की कुस्ती संपली. म्हणून खाली गेलेला पैलवान आपोआप पालथा होतो, पोटावर जातो. नऊ वर्षांची सवय, विचार करायलाही वेळ लागत नाही. एमएमएमध्ये पाठ टेकली तर काहीच संपत नाही, उलट पालथा झालास की समोरचा पाठीवर बसतो आणि मागून गळ्याभोवती हाताचा विळखा घालतो. मेंदूकडे जाणारं रक्त अडलं की दहा सेकंदांच्या आसपास माणूस बेशुद्ध होतो. म्हणजे ज्या हालचालीने तू मातीत वाचायचास, तीच इथे हरवते.

दुसरं उदाहरण अगदी आपल्याकडचं. भरत खंदारे, मुंबईचा, कुस्तीतून आलेला. यूएफसी या जगातल्या सगळ्यात मोठ्या एमएमए कंपनीत लढणारा भारतातला पहिला फायटर. नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला त्याची लढत चीनच्या साँग यादोंगशी झाली. पहिल्याच राउंडमध्ये संपली, 'गिलोटिन'ने. गिलोटिन म्हणजे समोरच्याची मान पुढून बगलेत धरायची आणि आवळायची. कुस्तीतून आलेल्यांसाठी हा डाव कायमचा धोका आहे, कारण पट काढायला वाकलं की मान पुढे येते. मातीत त्याने फारसं बिघडत नाही. पिंजऱ्यात तिथेच खेळ संपतो.

रितू फोगाटचंही तसंच. दंगल गाजवणाऱ्या फोगाट घरातली मुलगी, २०१९ मध्ये कुस्ती सोडून एमएमएसाठी सिंगापूरला गेली. पाठोपाठ लढती जिंकल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये 'वन चॅम्पियनशिप'च्या ग्रां प्रीची फायनल गाठली. समोर थायलंडची स्टॅम्प फेअरटेक्स. दुसऱ्या राउंडमध्ये स्टॅम्पने रितूचा हात पकडून कोपर उलट्या बाजूला ताणलं आणि लढत संपली. स्टॅम्पचा मूळ खेळ मुय थाई! म्हणजे ठोसे-लाथांच्या मुलीने पैलवान मुलीला जमिनीवरच्या डावाने हरवलं. याचा अर्थ रितू कमी पडली असा नाही. याचा अर्थ, इथे प्रत्येकाला आपल्या घराबाहेरचा खेळ शिकावाच लागतो.

म्हणून मित्रा, पहिली किंमत अहंकाराची. नऊ वर्षं तालमीत काढलेला तू, पहिल्या महिन्यात साठ किलोच्या कॉलेजच्या पोराकडून गळा आवळून घेशील. मी स्वतः दीड महिना एका जिममध्ये जाऊन पाहिलं. पहिल्या दिवशी पाच मिनिटांत सहा वेळा हार मानली. हार मानणं म्हणजे समोरच्याच्या अंगावर हाताने थोपटणं, त्याला 'टॅप' म्हणतात. सहाव्यांदा थोपटलं तेव्हा डोळ्यात पाणी होतं, आणि ते दुखल्याचं नव्हतं. माझ्यानंतर आलेले दोघं दुसऱ्या दिवशी फिरकलेच नाहीत. बहुतेक लोक इथेच गळतात, पिंजऱ्यात नाही.

वजन: सगळ्यात मोठी लढत आदल्या दिवशी

ऑगस्ट २०२४, पॅरिस. विनेश फोगाट फायनलला पोचली आणि १०० ग्रॅम वजन जास्त भरलं म्हणून बाद झाली. त्या दिवशी सगळ्या देशाला 'वेट कट' हा शब्द कळला. एमएमएमध्ये हे प्रत्येक लढतीआधी होतं.

लाइटवेट गटाची मर्यादा ७०.३ किलो. पण त्या गटात लढणारे अनेक जण एरवी ७८-८० किलोचे असतात. वजन लढतीच्या आदल्या दिवशी होतं. म्हणून डाव असा, की शेवटच्या काही दिवसांत शरीरातलं पाणी काढायचं, काट्यावर उभं राहायचं, आणि मग पुढच्या चोवीस तासांत खाऊन-पिऊन परत मोठं व्हायचं. जो जास्त पाणी काढू शकतो तो लढतीत जास्त मोठा. समोरचा करतोय म्हणून मीही करणार, असं हे चक्र.

ऐकायला हुशारी वाटते. शरीरात काय होतं ते ऐका. रक्त घट्ट होतं, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, किडनीवर ताण येतो. घाम येणं बंद झालं की शरीराला स्वतःला थंड ठेवता येत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये यांग जियान बिंग हा २१ वर्षांचा चिनी फायटर मनिलामध्ये लढतीसाठी वजन उतरवताना कोसळला आणि गेला. २०१३ मध्ये ब्राझीलमध्येही एक फायटर असाच गेला होता. दोघांनाही समोरच्याने हातही लावला नव्हता. लढत व्हायचीच होती.

यांगच्या मृत्यूनंतर वन चॅम्पियनशिपने नियम बदलले. शरीरात पुरेसं पाणी आहे की नाही याची चाचणी सुरू केली, म्हणजे पाणी काढून वजन दाखवणं अवघड झालं. पण हा नियम सगळीकडे नाही. गावाकडच्या किंवा शहरातल्या छोट्या स्पर्धेत तर डॉक्टर खरंच हजर आहे का, हे आधी विचारावं लागतं. त्यामुळे ही ओळ लिहून ठेव: कोणी "सौनात बस, पाणी बंद कर" असं डॉक्टरशिवाय सांगत असेल तर तो कोच नाही. शिकाऊ असताना आपल्या खऱ्या वजनाच्या गटातच लढायचं.

डोकं एकच आहे

हात मोडला, जुळतो. गुडघ्याचा लिगामेंट फाटला तर ऑपरेशन आणि मग आठ-नऊ महिने घरी. हे सगळं वाईटच, पण दिसतं. न दिसणारा मार डोक्यावरचा.

अमेरिकेत लास वेगासला २०११ पासून बॉक्सर आणि एमएमए फायटर्सच्या मेंदूचा अभ्यास चालू आहे. त्यातून पुढे आलेली गोष्ट साधी आहे: जितक्या जास्त लढती, तितका मेंदूच्या काही भागांचा आकार कमी आणि विचार करण्याचा वेग मंद होण्याची शक्यता जास्त. आणि लढती तर वर्षाला दोन-तीनच. सराव रोज. म्हणजे डोक्याला खरा मार बसतो तो जिममध्ये, जिथे ना कॅमेरा, ना रेफ्री.

जुन्या जिममध्ये अजूनही "मार खाल्ल्याशिवाय फायटर बनत नाही" असं चालतं. पण मॅक्स हॉलोवेसारख्या माजी यूएफसी चॅम्पियनने सरावात जोरदार स्पारिंग बंद केल्याचं उघड सांगितलंय. तो घाबरट आहे का? त्याच्या लढती बघा आणि मग बोला.

पैसा: हार म्हणजे अर्धा पगार

यूएफसीत नव्या फायटरचा करार साधारण असा असतो: लढायला उतरल्याचे काही हजार डॉलर आणि जिंकलं तर तेवढेच आणखी. हरलात तर दुसरा अर्धा गेला. महिन्याचा पगार नाही. फायटर कंपनीचा नोकर नसतो, कंत्राटी असतो. जे मिळतं त्यातून कोच, मॅनेजर, फिजिओ, खाणंपिणं आणि कर. वर्षभर दुखापत झाली तर शून्य. आणि हा हिशोब वरच्या पायरीचा. भारतातल्या छोट्या स्पर्धांत मिळणारे पैसे अनेकदा प्रवास आणि खुराकातच संपतात.

अंशुल जुबली आठवतो? उत्तराखंडचा मुलगा. गणिताच्या शिकवण्या घ्यायचा, सुरुवातीला यूट्यूब बघून डाव शिकला. २०१९ मध्ये व्यावसायिक झाला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये 'रोड टू यूएफसी' जिंकून करार मिळवला. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्यानंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये अबू धाबीत नॉकआउट. मग दुखापत, मोठा खंड, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सिडनीला १९ सेकंदांत नॉकआउट. इतक्या वर्षांची मेहनत आणि १९ सेकंद. कॉमेंटमध्ये त्याला शिव्या देणाऱ्यांनी कधी एक पट तरी काढलाय का, असं विचारावंसं वाटतं.

आणि पूजा तोमर. उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या छोट्या गावातली, वूशूतून आलेली. जून २०२४ मध्ये यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला झाली. निकाल किती चुरशीचा? तीनपैकी दोन जजनी तिला दिला, एकाने समोरचीला. एका जजचं मत फिरलं असतं तर आपण आज तिचं नाव वेगळ्या प्रकारे घेतलं असतं.

तर मग, सांगलीच्या मित्रा...

जमेल का? शरीराने बहुतेक जमेल. पहाटे उठून जोर-बैठका मारणाऱ्या पोराला कष्ट नवीन नाहीत. प्रश्न हा आहे की, ज्यात तू पक्का आहेस ते बाजूला ठेवून दोन-तीन वर्षं कच्चा राहायची तयारी आहे का?

असेल तर माझ्या मते वाट अशी. बीए पूर्ण कर, एक वर्षच राहिलंय. तालीम सोडू नकोस, तिच्या जोडीला बॉक्सिंग आणि जिउ-जित्सू सुरू कर. जिम निवडताना भिंतीवरचे फोटो बघू नकोस, तीन गोष्टी विचार. नवीन पोरांना पहिल्याच आठवड्यात जोरात स्पारिंगला उतरवतात का? डोक्याला मार बसला तर किती दिवस विश्रांती देतात? तिथले जुने फायटर पस्तिशीत कसे बोलतात, कसे चालतात? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर डोळ्यांनीच मिळतं. मग दोन वर्षं फक्त हौशी लढती. तेव्हा ठरव.

आणि घरी काय सांगू? खरं सांग. कुस्तीत नाव झालं तर पोलीस, रेल्वे, सैन्यात स्पोर्ट्स कोट्यातून नोकरीची आशा असते, आई-वडील त्या आशेवर दूध-बदामाचा खर्च सोसतात. एमएमएमध्ये ती वाट नाही असंच धरून चाल. त्यांचा विरोध मारामारीला नसेलही, त्या गेलेल्या आशेला असेल. म्हणून त्यांच्यासमोर यूएफसीचे व्हिडिओ लावू नकोस. कागद-पेन घेऊन बस. किती वर्षं, किती खर्च, आणि नाही जमलं तर काय करणार, हे लिहून दाखव. वस्तादांनाही सोबत घे. वस्तादांचं म्हणणं वडील ऐकतील, तुझं कदाचित नाही.

कागदावर "नाही जमलं तर" ही ओळ कोरी राहिली, तर मात्र अजून थोडं थांब.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या तालमीत, जिममध्ये कोणी असा विचार करत असेल तर हा भाग त्याला पाठवा. आणि मित्रा, घरी बोललास की परत मेसेज कर. काय झालं ते ऐकायचंय. भेटू पुढच्या भागात!