खुर्चीवरून उठणारा माणूस

१ नोव्हेंबर १९५६ या दिवशी हैदराबाद राज्य संपले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. आमच्या शिरूर अनंतपाळच्या आसपासचे निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके तोवर बिदर जिल्ह्यात होते. तेही मराठी मुलखात आले. निजामाच्या अमदानीत उर्दू कागदांचे भेंडोळे बगलेत मारून ज्याने हैदराबादची वाट तुडवली, त्या पक्षकाराचे तोंड आता मुंबईच्या हायकोर्टाकडे वळले.

त्या हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते महंमद करीम छागला. आणि राज्यपाल कोण? तेही छागलाच! हरेकृष्ण महताब गेले होते, श्रीप्रकाश अजून यायचे होते. मधल्या काळात राज्यपालपदाचा भार मुख्य न्यायाधीशांच्या खांद्यावर होता. यशवंतराव चव्हाणांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले ते याच दिवसांत. म्हणजे नव्या राज्यात पाऊल टाकले तेव्हा मराठवाड्याला राज्यपाल म्हणून लाभला तो एक न्यायाधीश.

न्यायाधीश, राज्यपाल, राजदूत, मंत्री! एवढ्या खुर्च्या एका आयुष्यात फार थोड्यांच्या वाट्याला येतात. पण छागलांची आठवण मला होते ती ते कुठे बसले म्हणून नव्हे. कुठून, कधी आणि कशासाठी उठले म्हणून.

१९०० साली मुंबईत जन्मलेल्या या माणसाने ऑक्सफर्डहून परतल्यावर वकिलीचे धडे गिरवले ते बॅरिस्टर जीनांच्या हाताखाली. गुरूवर त्यांची भक्ती होती. परंतु १९२८ साली नेहरू अहवालाचा प्रश्न आला, तेव्हा शिष्य अहवालाच्या बाजूने उभा राहिला आणि दोघांच्या वाटा फुटल्या. उमेदीच्या वयात एवढ्या मोठ्या माणसाची सावली सोडणे सोपे नसते.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी छागला मुंबईचे पहिले कायम भारतीय मुख्य न्यायाधीश झाले. युक्तिवाद संपला की तिथेच, भर कोर्टात निकाल सांगायचा ही त्यांची ख्याती. १९०८ साली ज्या दालनात लोकमान्यांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तिथे १९५६ साली, टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, स्मृतिफलक बसला. त्याचे अनावरण छागलांनी केले. ज्या न्यायालयाने अन्याय केला, त्याच न्यायालयाच्या मुख्याने तो उघडपणे कबूल करावा, हा प्रसंगच विलक्षण!

पण घरोघरी त्यांचे नाव पोहोचले ते मुंदडा प्रकरणाने. आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण नुकतेच, १९५६ साली, झालेले. पोटाला चिमटा घेऊन भरलेल्या हप्त्यांचा तो पैसा. १९५७ च्या जूनमध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. फिरोझ गांधींनी लोकसभेत या व्यवहाराची चिरफाड केली आणि चौकशीचे काम एकट्या छागलांकडे आले. त्यांनी ती बंद दाराआड केली नाही. मुंबईत उघड सुनावणी चालली. ऐकायला एवढी झुंबड उडाली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. बडे अधिकारी आणि खुद्द अर्थमंत्री साक्षीला उभे राहिले. महिन्याभराच्या आत काम आटोपले. सचिवाने केले तरी घटनेप्रमाणे जबाबदारी मंत्र्याचीच, असा छागलांचा निष्कर्ष होता. फेब्रुवारी १९५८ मध्ये टी. टी. कृष्णमाचारींनी राजीनामा दिला.

आणि त्याच वर्षी हायकोर्टाचा राजीनामा देऊन छागला अमेरिकेत भारताचे राजदूत म्हणून निघाले. निवृत्तीला अजून दोन वर्षे होती.

इथे मात्र थांबून विचार केला पाहिजे. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाचे छागला सभासद होते. न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी पदे घेऊ नयेत, असे त्या आयोगाचे मत. ते मत मांडणाऱ्यांपैकीच एकाने राजदूतपद घ्यावे, हे सेटलवाडांना रुचले नाही. आत्मचरित्रात त्यांनी ते स्पष्ट लिहिले आहे. सरकारला दोषी ठरवणाऱ्या न्यायाधीशाने त्याच सरकारची नेमणूक स्वीकारली, तर उद्याच्या न्यायाधीशाकडे लोक कोणत्या नजरेने पाहतील? सेटलवाडांची शंका रास्त होती असेच मला वाटते.

अमेरिकेलाही हा पेच नवा नव्हता. तिथले पहिले सरन्यायाधीश जॉन जे १७९४ साली पदावर असतानाच इंग्लंडला तह करायला गेले आणि टीकेचे धनी झाले. छागलांच्या नंतर, १९६५ साली, आर्थर गोल्डबर्ग यांनी सर्वोच्च न्यायालयाची तहहयात खुर्ची सोडली आणि ते राष्ट्रसंघातले राजदूत झाले. व्हिएतनामच्या युद्धावरून अध्यक्षांशी मतभेद झाले व १९६८ मध्ये तिथूनही ते बाहेर पडले.

छागलांचा वॉशिंग्टनमधला काळ अन्नटंचाईचा. आपल्या स. का. पाटलांनी मे १९६० मध्ये तिथे करार केला आणि चार वर्षांत १ कोटी ७० लाख टन धान्य यायचे ठरले. रेशनच्या रांगेतला तो लाल गहू जुन्या गृहिणी विसरलेल्या नाहीत! एका हाताने धान्य घ्यायचे आणि दुसरीकडे आमचा देश कुणाच्या गटात नाही हे ठणकावायचे, अशी ही वकिली होती. त्याच सुमारास हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दादरा-नगरहवेलीचा खटला चालू होता. सुधीर फडके यांच्यासारखे मराठी तरुण ज्या मुक्तिलढ्यात १९५४ साली उतरले, तोच हा मुलूख. पोर्तुगालला तिथे जायचा रस्ता हवा होता. या खटल्यापुरते भारताने नेमलेले न्यायाधीश होते छागला. सैन्य नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाही, असा निर्णय एप्रिल १९६० मध्ये झाला.

पुढे ते लंडनला उच्चायुक्त, मग शिक्षणमंत्री, मग परराष्ट्रमंत्री झाले. १९६७ मध्ये विद्यापीठांत प्रादेशिक भाषांचे माध्यम झपाट्याने आणण्याचे धोरण आले. घाईने देशाची एकी आणि शिक्षणाचा दर्जा ढासळेल, असे छागलांना वाटले. त्यांनी परराष्ट्रमंत्रिपदाचा राजीनामा दिला.

मी मराठी शिकवून पोट भरणारा माणूस. खेड्यातून आलेला हुशार मुलगा इंग्रजीच्या धास्तीने मागच्या बाकावर गप्प बसतो, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. छागलांचे मत मला पटत नाही, कधी पटणारही नाही. पण मत पटले नाही म्हणून मंत्रिपद टाकणारा माणूस मी वर्गात नेहमी सांगतो. आपली खाती आणि बंगले सांभाळत मनातल्या मनात कुरकुरणारे पुष्कळ असतात.

१९७५ साली आणीबाणी आली. छागला पंचाहत्तरीत होते. सोडायला खुर्ची उरली नव्हती. ऑक्टोबरमध्ये अहमदाबादच्या नागरी स्वातंत्र्य परिषदेत ते उभे राहिले आणि उघड बोलले. ९ फेब्रुवारी १९८१ रोजी ते गेले. त्याच वर्षी मुंबई हायकोर्टाचे खंडपीठ औरंगाबादला बसले आणि आमच्याकडच्या पक्षकाराची मुंबईची खेप वाचली.

त्यांचे एक उठणे मला खटकते, एक पटत नाही, बाकीच्यांपुढे मान लवते. यंदा लक्ष्मीपूजनाला मुलांकडून मोठ्या पदाची स्वप्ने ऐकाल, तेव्हा कौतुक जरूर करा. आणि जाता जाता एवढेच विचारा, “बाळ, वेळ आली तर तिथून उठता येईल ना?”