तुमच्याकडे जुनी नेक्सॉन ईव्ही आहे? नव्या मॉडेलची टेस्ट ड्राइव्ह अशी घ्या

२०२०च्या नेक्सॉन ईव्हीत ३०.२ किलोवॅट-तासांची बॅटरी होती, प्रमाणित रेंज ३१२ किलोमीटर. २०२४ मध्ये ४५ किलोवॅट-तासांचा पर्याय आला, प्रमाणित रेंज ४८९ किलोमीटर. मात्र हे आकडे चाचणीतले आहेत. प्रत्यक्षात एसी, वेग आणि चढ यांमुळे रेंज घटते.

म्हणून शोरूमभोवती एक फेरी मारून थांबू नका. शक्य असेल तर तुमच्या रोजच्या रस्त्यावर, एसी लावून नवी गाडी चालवा. किलोमीटरमागे किती वॅट-तास लागले ते पाहा आणि त्याच रस्त्यावर आपल्या गाडीचा आकडाही घ्या.

रोजचा प्रवास ५० किलोमीटरच असेल, तर वाढीव रेंजसाठी लाखो रुपये मोजण्याची घाई नको. बॅटरीची वॉरंटी किती उरली आहे, तेही आधी तपासा.