पिवळा दिवा, निळी खिडकी

हॉटेलच्या रूमचा फोटो काढताना खरी पंचाईत होते ती दोन उजेडांच्या भांडणामुळे. पलंगाशेजारचा दिवा साधारण 2700 केल्विनचा, पिवळसर. खिडकीतला दिवसाचा उजेड 5500 च्या आसपास. मग पांढरीशुभ्र चादर एका कडेला हळदीसारखी आणि दुसरीकडे निळसर दिसते.

फ्लॅश इथे कामाला येतो, पण थेट पलंगावर मारायचा नाही. हेडबोर्डमागे काळीकुट्ट सावली पडते. तो छताकडे वळवा. छत पांढरंच हवं, नाहीतर त्याचा रंग चादरीवर उतरतो.

गंमत शटरची आहे. फ्लॅशचा झोत क्षणार्धात संपतो, त्यामुळे सिंक स्पीडच्या, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या कमाल शटर स्पीडच्या, आत (बहुतेक कॅमेऱ्यांत सुमारे 1/200 सेकंद) शटर स्पीड वाढवला तरी फ्लॅशचा उजेड तेवढाच राहतो आणि खिडकी मात्र गडद होते. पांढरीफटक खिडकी जाऊन बाहेरचा समुद्र दिसू लागतो! ट्रायपॉड, आयएसओ 100, एफ/8 एवढं पक्कं ठेवा. एक फोटो फक्त दिव्यांच्या उजेडात, एक फ्लॅशवर, आणि दोन्ही फोटोशॉपमध्ये लेअर करून जुळवा. ऊब पहिल्यातून मिळते, खरे रंग दुसऱ्यातून.

आणि हो, टीव्हीच्या काळ्या स्क्रीनमध्ये स्वतःचं प्रतिबिंब येत नाही ना, ते आधी बघा!