पलूसचा वाइन पार्क: पाव शतकाचा हिशेब

सप्टेंबर 2001 मध्ये महाराष्ट्र शासनानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण जाहीर केलं. वाइनवरचं उत्पादन शुल्क माफ झालं, परवान्यांची कटकट कमी झाली आणि एमआयडीसीमार्फत दोन वाइन पार्क उभारायचं ठरलं. एक नाशिक जिल्ह्यात विंचूरला, दुसरा सांगली जिल्ह्यात पलूसला. पाव शतक होत आलं. नाशिकला आज देशाची वाइन-राजधानी म्हणतात. पलूसचं नाव त्या चर्चेत क्वचितच निघतं. द्राक्षं दोन्हीकडं होती, सवलतीही त्याच होत्या. मग सांगलीकर मागं का पडले?

बागायतदार कमी पडला असं कुणी म्हणणार नाही. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, पलूस या पट्ट्यात द्राक्षशेती हे शास्त्रच झालं आहे. थॉमसन सीडलेसमधून ‘तास-ए-गणेश’ हे वाण निवडलं ते तासगाव तालुक्यातल्याच वसंतराव आर्वे यांनी. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, जीए या संजीवकाचे डोस, विरळणी, फुगवण हे सगळं इथल्या पोरासोरांना तोंडपाठ असतं. पण या साऱ्या मेहनतीचा न्याय करतो तो डोळा. मणी किती मिलिमीटरचा, रंग कसा, घड सुटसुटीत आहे का, हे बघून व्यापारी दर ठरवतो. शुगर मोजतात, तीही माल तोडायला आला की नाही एवढ्यापुरती.

वाइनच्या द्राक्षाला हा सगळा हिशेब उलटा लागू पडतो. काबर्ने सोव्हिन्यो किंवा शिराझचा मणी बारका, सालीनं जाड आणि बियांचा. ताटात ठेवला तर कुणी हात लावणार नाही. पण लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, म्हणून मणी बारका असेल तर रसाच्या मानानं साल जास्त मिळते. इथं फुगवण म्हणजे नुकसान! शिवाय साखर बावीस-चोवीस ब्रिक्सपर्यंत चढली पाहिजे आणि आंबटपणाही टिकला पाहिजे. उष्ण फेब्रुवारीत या दोन्ही गोष्टी एकत्र साधणं हीच खरी कसोटी. तोडणीचा दिवस यंत्राइतकाच जिभेनंही ठरवावा लागतो: मणी चावायचा, बी दाताखाली धरायची, साल चघळायची.

पुढचा न्यायही जिभेचाच. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात विसाव्या शतकाच्या मध्यावर वाइनसाठी वीस गुणांची पद्धत तयार झाली. स्वच्छपणा, रंग, गंध, आंबटपणा, तुरटपणा, प्रत्येकाला ठरावीक गुण. बिअरचंही तसंच. परीक्षकांच्या बीजेसीपी या संस्थेच्या कागदावर एकूण 50 गुण असतात: गंधाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडात जाणवणाऱ्या पोताला 5 आणि एकूण ठशाला 10. रूपाला फक्त तीन, हे आपल्या द्राक्ष बाजारानं ध्यानात घ्यावं. याच कागदावर स्कॉटिश पद्धतीची दणकट बिअर, म्हणजे स्कॉच एल, तपासताना परीक्षक बघतो ते माल्टचं: भाजक्या धान्याची, कॅरॅमलकडं झुकणारी गोडी भरदार आहे का, तिनं जिभेवर चिकटा तर धरला नाही ना, कडवटपणा मागं राहिला का, आणि अल्कोहोल ऊब देतं की घसा जाळतं. वाइनचा परीक्षक घोट थुंकतो. बिअरचा मात्र थोडी गिळतो, कारण कडवटपणा घशाशी कळतो. झिंगण्याशी दोघांनाही देणंघेणं नसतं.

चव पारखण्याची नेमकी हीच सवय आपल्या भागात नव्हती. सातारा-सांगलीत अल्कोहोल नवं नाही. रेठऱ्याच्या कृष्णा कारखान्याला आणि सांगलीच्या वसंतदादा कारखान्याला आसवनी आहे. मळीपासून स्पिरिट काढण्याचं तंत्र इथं मुरलेलं आहे. पण स्पिरिटची चव कोण घेतो? त्याची टक्केवारी मोजतात, टँकर भरतात. मद्य म्हणजे टक्केवारी, हाच संस्कार उत्पादकावर झाला आणि पिणाऱ्यावरही. वाइन मात्र टक्केवारीवर विकली जात नाही.

नाशिकनं गिऱ्हाईक घडवलं. तिथल्या सुला कंपनीनं 2005 मध्ये वायनरीतच चव घेण्याची खोली उघडली. मुंबई-पुण्याचा माणूस द्राक्षबागेत आला, पेला कसा फिरवायचा, वास कसा घ्यायचा हे शिकला आणि जाताना बाटली घेऊन गेला. पलूस मात्र महामार्गापासून आत आहे. पुण्याहून गोव्याला किंवा महाबळेश्वरला निघालेली गाडी तिकडं वळत नाही. त्यात 2008 ची जागतिक मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि वाइनचा खप घसरला. नारायणगावची मातब्बर इंडेज कंपनीसुद्धा त्या फेऱ्यात कोलमडली, तिथं नवख्यांची काय कथा. राज्यात अनेक ठिकाणी वाइनच्या द्राक्षाला उठाव राहिला नाही आणि बागा निघाल्या. वाइनचं द्राक्ष बाजारात खायला विकता येत नाही, हा त्यातला सगळ्यात जाचक भाग.

तासगावकरानं शहाणपण दाखवलं ते बेदाण्यात. तोच थॉमसन, पण दर पडला तर शेडमध्ये रॅकवर टाकायचा. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून सावलीत वाळवायचा. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. कोरडी हवा पूर्वेच्या दुष्काळी तालुक्यांनी फुकट दिली. पुढं शीतगृहं आली, तासगाव-सांगलीचे सौदे देशभर नावाजले आणि 2016 मध्ये सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तरी सौद्यात भाव ठरतो तो प्रामुख्यानं हिरव्या-पिवळ्या रंगावर आणि मण्याच्या आकारावर. इथंही जीभ दुय्यमच.

मद्याच्या प्रश्नाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या पुढाकारानं ‘परिवर्तन’ व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. जानेवारी 2022 मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला, तेव्हा लगेच पुढच्या महिन्यात व्यसनमुक्त युवक संघानं साताऱ्यात आंदोलन केलं. राज्यभर विरोध झाला आणि तो निर्णय रखडला. दारूनं उद्ध्वस्त झालेली घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हा युक्तिवाद पटणार नाही, आणि तो खराही नाही. वाइनमध्ये अल्कोहोल आहेच.

म्हणून पाव शतकानंतरचा माझा निष्कर्ष एवढाच: पलूसला पैसा, पाणी किंवा द्राक्षं कमी पडली नाहीत, चव पारखणारी माणसं कमी पडली. ती माणसं केवळ वाइनलाच लागतात असंही नाही. पुण्याजवळच्या मांजरीतल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रानं ‘मांजरी मेडिका’ हे खास रसासाठीचं वाण दिलं आहे. त्या रसाला, बेदाण्याला, कऱ्हाडच्या गुळाला, सांगलीच्या हळदीलाही चवी-वासाचे गुण देता येतात. बाजार समित्यांनी आणि बागायतदार संघानं मिळून शिकवून तयार केलेलं परीक्षकांचं एक मंडळ नेमावं, सौद्याच्या पावतीवर रंग-आकारासोबत चवीचे गुणही छापावेत. त्याला दारूचा परवाना लागत नाही आणि कुणाचा विरोधही होणार नाही. येत्या हंगामात निदान बेदाण्यापासून सुरुवात करा.