टक्क्यापलीकडची शुद्धता

पिंपरी-चिंचवड, चाकणच्या पट्ट्यात पोलाद कापण्यासाठी साधारणतः ९९.५ टक्के शुद्ध ऑक्सिजन लागतो. शुद्धता टक्काभर घसरली, तर कापण्याचा वेग सुमारे पाव हिश्श्याने मंदावतो. रुग्णालयांना मात्र सिलिंडरमधील ९९ टक्के, तर आवारातच हवेपासून वेगळा केलेला सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजनही चालतो. मग एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, उद्योगांचा ऑक्सिजन रुग्णांकडे वळविताना काळजी कशाची होती? उरलेल्या अंशाची. त्यात कार्बन मोनॉक्साईड किती, याच्याशी पोलादाला कर्तव्य नसते. रुग्णाच्या मात्र ते जिवावर बेतू शकते. सिलिंडरमध्ये पूर्वी कोणता वायू होता, हेही तितकेच महत्त्वाचे. म्हणूनच औद्योगिक सिलिंडर आधी स्वच्छ करावा लागतो आणि भरलेला वायू तपासावा लागतो. काळ्या सिलिंडरचा पांढरा माथा ही वैद्यकीय ऑक्सिजनची ओळख. पण केवळ रंग देऊन शुद्धता येत नाही.