रमाबाई कोणत्या मंडळीच्या?

मराठी ख्रिस्ती घरांत सोयरीक जुळवताना पगाराच्याही आधी एक प्रश्न येतो, "तुमची मंडळी कोणती?" पूर्वी उत्तर ठरलेलं असायचं. नगरकडचे बहुतेक अमेरिकन मिशनचे, जालन्याकडचे स्कॉटिश मिशनचे, वसईचे कॅथलिक. एखादं घर साल्व्हेशन आर्मीचं निघायचं, जिथे बाप्तिस्माही देत नाहीत आणि प्रभुभोजनही करत नाहीत. आज पिंपरी-चिंचवड किंवा कल्याणच्या एखाद्या तरुण जोडप्याला तोच प्रश्न विचारला, तर उत्तर येतं, "आम्ही कुठल्या पंथाचे नाही, फेलोशिपला जातो." घरातल्या आजीला हे पटत नाही. नातवाचा बाप्तिस्मा तान्हेपणी पाणी शिंपडून व्हावा की मोठेपणी पाण्यात बुडवून, इथपर्यंत वाद जातो. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या मागे मी कित्येक वर्षं लागले आहे, म्हणून अशा घरांतून मला फोन येतात. कुठे जावं, पंथाच्या चर्चमध्ये की पंथ न मानणाऱ्या मंडळीत? मी उत्तर द्यायला लागते आणि दर वेळी पंडिता रमाबाईंपाशी जाऊन थांबते.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यांच्यामागून स्कॉटिश, अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आले, १८८२ मध्ये साल्व्हेशन आर्मी आली. प्रत्येकाने आपल्या देशातला पंथ सोबत आणला. इंग्लंड-अमेरिकेतल्या भांडणांशी काडीचा संबंध नसलेली आपली माणसं त्या भांडणांच्या नावांनी ओळखली जाऊ लागली. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा परंपरा एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झालं. त्यात शिंपडण्याचा आणि बुडवण्याचा असे दोन्ही बाप्तिस्मे मान्य आहेत. नगरच्या ज्या मंडळ्यांनी शंभराहून अधिक वर्षं बिशपशिवाय कारभार केला, त्यांना त्या दिवसापासून बिशप मिळाले. अमेरिकन मेथडिस्ट परंपरेच्या मंडळीने ऐन वेळी माघार घेतली आणि ती वेगळी राहिली.

आता रमाबाई. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, तो चर्च ऑफ इंग्लंडच्या पद्धतीने. सेंट मेरी द व्हर्जिन या जोगिणींच्या संघात त्या राहत होत्या आणि सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता होत्या. चर्चच्या लोकांना वाटलं, आता ही विदुषी आपली झाली. पण शास्त्र्यांच्या घरात वाढलेली, कलकत्त्याच्या पंडितांकडून 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळवलेली पंचविशीतली बाई प्रश्न विचारणं थांबवणार होती थोडीच! त्रैक्याचा सिद्धान्त नेमका कसा समजायचा? बिशपचा शब्द शेवटचा का? गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, संस्कृत का नकोत? तिकडे भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली, की रमाबाईंनी इंग्लंडमध्ये पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये. त्यांचं वागणं लोकांच्या नजरेत कसं दिसेल, याची त्या बिशपांना काळजी. रमाबाईंनी ते साफ धुडकावलं. आपल्या देशातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलं आहे, आता दुसऱ्या पुरोहितांचं मानेवर घेणार नाही, अशा आशयाचं त्यांनी १८८५ मध्ये सिस्टर जेराल्डीनना लिहिलं. ही पत्रं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. मराठी बाईने धर्मसत्तेशी केलेला इतका सरळ, इतका अभ्यासू वाद माझ्या वाचनात दुसरा नाही. जेराल्डीनबाईही कमी नव्हत्या. त्यांच्या पत्रांत राग आहे, अधिकार आहे आणि लेकीवर असावी तशी मायाही आहे. दोघींची पत्रं लागोपाठ वाचली तरच तो वाद पुरता कळतो.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत पंथांचा बाजारच त्यांच्या नजरेस पडला. परत आल्यावर लिहिलेल्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' या १८८९ च्या पुस्तकात तिथल्या धर्मपंथांवर वेगळं प्रकरण आहे. पुढे आपल्या श्रद्धेची हकिगत लिहिताना, ख्रिस्ती देशांत एवढे पंथ पाहून आपण किती गोंधळलो होतो, हेही त्यांनी उघडपणे नोंदवलं. त्या गोंधळातून त्यांनी एकच वाट धरली : ख्रिस्त मानायचा, बायबल मुळातून वाचायचं आणि कुठल्याही पंथाच्या दावणीला स्वतःला बांधून घ्यायचं नाही.

केडगावचं मुक्ती मिशन या वाटेवर उभं राहिलं. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की केडगाव स्टेशन लागतं. मी तिथे वारंवार जाते. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली आणि विधवा तिथे शिकल्या, विणकाम, शेती, छपाई करू लागल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं, ते मुक्तीतल्या बायकांनीच छापलं. ते पूर्ण रूपात बाहेर आलं १९२४ मध्ये, रमाबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी. पंथ नाकारणं म्हणजे अभ्यास टाकणं नव्हे, याला यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही.

इथे थोडं आडवळण घेते, कारण हा भाग माझ्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. १९०५ च्या जूनमध्ये मुक्तीतल्या मुली प्रार्थनेत रडू लागल्या, मोठ्याने पापं कबूल करू लागल्या, तासन्‌तास उठेनात. पेंटेकॉस्टल चळवळीची सुरुवात लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर झाली असं सर्रास सांगतात. ते साल १९०६. केडगाव त्याच्या आधीचं! मुक्तीत काम करणाऱ्या मिनी अब्राम्स या मेथडिस्ट बाईंनी या अनुभवावर एक पुस्तिका लिहिली आणि चिलीमधल्या आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला पाठवली. तिचे पती विलिस हूवर हे वालपाराइसोचे मेथडिस्ट पाळक. १९०९ मध्ये तिथे तशीच जागृती झाली आणि त्यातून चिलीत पेंटेकॉस्टल मंडळी जन्माला आली. दौंड तालुक्यातली ठिणगी दक्षिण अमेरिकेत जाऊन पेटली. म्हणून कुणी फेलोशिपमधल्या मोठ्या आवाजातल्या प्रार्थनेला "हे अमेरिकन फॅड" म्हणालं, की मी त्यांना केडगावचं तिकीट काढायला सांगते. आणि लक्षात घ्या, एवढं घडूनही रमाबाईंनी त्यातून नवा पंथ काढला नाही.

रमाबाईंच्या जोडीला मी ज्यांचं उदाहरण देते ते दुसरे, रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, पुढे अमेरिकन मिशनचे पाळक, 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादक. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तिथे एकत्र यावेत, ही कल्पना. आजच्या कुठल्याही पंथरहित मंडळीपेक्षा ती धाडसी होती. पण ९ मे १९१९ रोजी टिळक गेले आणि दरबार टिकला नाही. त्याचा सगळा भार एका माणसावर होता. टिळकांनी रचलेली गाणी मात्र 'उपासना संगीत' या गीतसंग्रहामुळे पंथापंथांत पोचली. नगरच्या उपासनेत बाजापेटी-तबल्यावर ती ऐकताना मला नेहमी वाटतं, टिळकांना हवी होती ती एकी त्यांच्या गाण्यांनी साधली. 

या दोघांच्या उदाहरणांवरून मी फोन करणाऱ्यांना काय सांगते? पंथाच्या चर्चमध्ये जाणार असाल, तर रमाबाईंचा प्रश्न न्या. इथे शंका विचारता येते का? बाईला वडीलमंडळात स्थान आहे का? पाळकसाहेब चुकले तर बोलता येतं का? जुन्या चर्चचा दगडी मनोरा आणि आजोबांचं रजिस्टरमधलं नाव यांच्या जिवावर श्रद्धा तगत नाही. शिवाय जुन्या मंडळ्यांत जमिनींचे कज्जे फार. गुजरातमधल्या ब्रदरेन मंडळीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं, की विलीनीकरणाच्या ठरावाने विश्वस्त संस्थेची मालमत्ता आपोआप नव्या चर्चकडे जात नाही. १९७० चं मीलन मनांत झालं तितकं कागदावर झालं नव्हतं.

पंथ न मानणाऱ्या मंडळीत जाणार असाल, तर टिळकांच्या दरबारावरून सुचणारा प्रश्न न्या. संस्थापक पास्टर उद्या नसले, तर काय उरेल? मुक्ती मिशन उरलं, कारण तिथे जमीन, छापखाना, कारभार आणि माणसं घडवण्याची शिस्त होती. म्हणून विचारा : संस्था नोंदलेली आहे का? धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातात का? दशमांश कुणाच्या खात्यात जमा होतो? लग्न लावणाऱ्या पास्टरकडे १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार परवाना आहे का? हा शेवटचा प्रश्न मुलीच्या आईवडिलांनी तर विचारलाच पाहिजे. परवाना नसलेल्या माणसाने लग्न लावलं, तर पुढे दाखल्यासाठी हेलपाटे त्या मुलीलाच पडतात. कबरस्तानाचंही विचारून ठेवा. अनेक कबरस्तानं जुन्या मंडळ्यांच्या ताब्यात आहेत आणि दुःखाच्या दिवशी सभासदत्वाचा वाद कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

माझं स्वतःचं मत लपवत नाही. मला पंथाची मंडळी जवळची वाटते, कारण पाळक बदलले तरी ती उभी राहते आणि तिच्या चुकांची नोंद कुठेतरी सापडते. पण ज्या फेलोशिपमध्ये हिशेब उघडे आहेत, बायबल समजून वाचलं जातं आणि गावाकडून आलेल्या एकट्या मुलीला पहिल्याच रविवारी कुणीतरी जेवायला घरी नेतं, तिथे जाणाऱ्याला मी कधीही परत बोलावणार नाही. निर्णय घेण्याआधी आजी आणि नातवाने मिळून एकदा केडगावला जाऊन यावं, आणि १९७७ चा तो पत्रसंग्रह मिळवून घरात मोठ्याने वाचावा.